कानाला न लावायचा फोन

आई गेली तेव्हा माझा भाऊ मातीला आला नाही. आई गेली ही बातमी अंबाजोगाईत दोन दिवसांत जुनी झाली, पण एकुलता एक पोरगा मातीला आला नाही हे काही केल्या जुनं होईना. भाजी घ्यायला गेले तरी बायका आधी माझ्या तोंडाकडं बघायच्या, मग एकमेकींकडं, आणि मग मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणायच्या, "नोकरीच तशी असंल बाई, काय करनार." मला वाटायचं, ती जुडीच हिच्या तोंडावर मारावी.

भाऊ अमेरिकेत होता. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, कॉम्प्युटर शिकलेला. आदल्या थंडीत तिकडं कंपन्या पटापट बसल्या, त्यात त्याची नोकरी गेली. तीन-चार महिने हात चोळत बसल्यावर दुसरी लागली. पण नव्या नोकरीचे व्हिसाचे कागद अजून सरकारदरबारी अडकलेले होते, आणि ते हातात पडायच्या आत त्यानं देश सोडला असता तर परत आत घेतला नसता. हे अख्ख्या गावाला पाठ होतं, कारण आमचे अण्णा, म्हणजे वडील, येईल त्याला हेच सांगायचे. "कळवलंय त्याला. लई रडला. पन आला तर तिकडचं दार कायमचं बंद." एवढं बोलून अण्णा पंच्यानं तोंड पुसायचे आणि आपल्या किराणा दुकानातल्या तराजूकडं बघत बसायचे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दार बंद होतंय तर होऊ दे की मेल्या! आई एकदाच मरते. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात. आणि खड्ड्यात माती लोटायच्या आधी पहिली मूठ लेकाची असते. आम्ही बायका लांब उभ्या होतो, पुढं काय झालं ते मला दिसलं नाही, पण पुरुष मंडळी कशासाठी तरी थोडा वेळ नुसती उभी राहिलेली मी पाहिली होती. तो थांबलेला वेळ माझ्या डोक्यातून जाईना. भावाच्या मेल यायच्या, आठवड्याला दोन-दोन. मी एकही उघडली नाही. नाव दिसलं की पुसून टाकायची. घरी त्याचा फोन यायचा तो अण्णाच घ्यायचे. मी लग्न होऊन त्याच गावात दुसऱ्या गल्लीत, त्यामुळं फोनवर काय बोलणं होतं ते मला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

आता माझ्या दुकानाचं सांगते. बसस्टँडच्या मागच्या बाजूला माझं दुकान होतं. तीन कॉम्प्युटर, सनमायकाचं पार्टिशन, आणि "इंटरनेट" एवढंच लिहिलेली पाटी. मेडिकलची पोरं निकाल बघायला यायची, कॉलेजची पोरं पार्टिशनच्या आड बसून भलतंच बघायची आणि मी खाकरले की घाईघाईनं पडदा बदलायची. त्यावर भाडं निघायचं, पोट नाही. तेवढ्यात सरकारनं नेटवरून परदेशी फोन करायची परवानगी दिली. इकडं कॉम्प्युटरसमोर बसून बोलायचं, तिकडं त्यांच्या घरातला साधा फोन वाजणार, आणि एस.टी.डी. बूथवर मीटर पळतं त्याच्या मानानं खर्च काहीच नाही. मला वाटलं, सुटले! आमच्या भागातली किती पोरं सौदीला, दुबईला. मेडिकल कॉलेजमुळं डॉक्टरांची लेकरं विलायतेला. अंबाजोगाईत एक, केजला एक, युसूफ वडगावला बाजाराच्या चौकात एक, जमलं तर पार आष्टीपर्यंत, असे टेलिफोनचे ठेले टाकायचे. मी स्वप्नं बघण्यात पहिल्यापासून वस्ताद.

पण ते लोकांच्या गळी उतरवायचं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. पहिल्यांदा एका हेडमास्तरांना दाखवलं. त्यांच्या मेव्हण्याचा मस्कतहून आवाज आला, तर ते उठून मॉनिटरच्या मागं वाकून बघायला लागले. दुसऱ्या एकानं मला चक्क खोटारडी ठरवलं. म्हणाला, "ताई, मानूस मागच्या खोलीत बशिवलाय तुमी." मागं खोली कुठली, संडास होता. गेला, संडासाचं दार उघडून बघितलं, आणि तरीही मान हलवत गेला. काय बोलायचं!

आणि एक खरीच अडचण होती. इकडचा शब्द तिकडं पोचायला वेळ लागायचा. दोन-तीन श्वास. तेवढ्यात माणसाला वाटायचं, ऐकू गेलं नाही. मग तो परत ओरडायचा, तोवर तिकडून पहिल्याचं उत्तर यायचं, आणि दोन्ही बाजूंनी नुसता गोंधळ. म्हणून मी युक्ती काढली होती. "बोलून झालं की मनातल्या मनात 'शिव शिव शिव' म्हणायचं, आणि मग ऐकायचं." वाण्याच्या पोरीला दुसरं काय सुचणार. पण ते लागू पडायचं.

तर आई जाऊन सव्वा महिना झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. मोंढ्यातले एक आडतवाले काका होते, अण्णांचे लंगोटीयार. धान्याच्या बाजारात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. ते भागीदारीला तयार झाले होते, पण डोळ्यांनी बघून. "आवाज ऐकव, मंग बोलू," म्हणाले. रविवारी संध्याकाळी सातला यायचं ठरलं. म्हटलं, एवढी तयारी करायची तर गिऱ्हाईकं पण बोलवावीत. एक डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल असलेले, आईवर इलाज त्यांनीच केला होता, मुलगी इंग्लंडला. आणि एक बेकरीवाले चाचा, त्यांचा मुलगा सौदीला ट्रक चालवायचा. अण्णा पण आले, कारण माझ्या व्यवहाराचं बोलणं काका अण्णांना सोडून करणार नव्हते. येऊन दारापाशी स्टुलावर बसले. सव्वा महिन्यात माणूस निम्मा झाला होता.

पुढचं कळायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. ज्याच्या घरात मयत झालीय त्याची पहिली गाठ पडली की आधी मयताचं बोलायचं, मग बाकीचं. गाठ स्टँडवर पडो, बँकेच्या रांगेत पडो, चालत्या मोटारसायकलवर पडो. "लई वाईट झालं" एवढं म्हटल्याशिवाय "कुठं निघाला" असं विचारायचं नसतं. विचारलं तर ते माणूस माणसात नाही. म्हातारी माणसं तर ह्यात एवढी पक्की की वर्षानं गाठ पडली तरी आधी डोळ्याला पदर, मग राम राम. हे मला पाठ होतं. मी त्याच मातीतली. आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही, की आवाजाची गाठ ही पण गाठच.

लाइट होती, हे पहिलं नवल. मोडेमनं किंचाळून लाइन धरली, हे दुसरं. मी नवऱ्याच्या दुबईतल्या मित्राला संध्याकाळी फोन लावीन एवढं कळवून ठेवलं होतं, वार सांगितला नव्हता. नंबर दाबला. घंटी वाजली, वाजत राहिली. परत लावला. परत तेच. तेव्हा चाचांनी हळूच विचारलं, "बेटी, आज इतवार ना? वहाँ इतवार को काम का दिन रहता. सुट्टी जुम्मे को." डोक्यात लख्ख उजेड पडला. दुबईचा माणूस रविवारी घरी कसा असेल! म्हणजे चाचांचा मुलगा पण नाही. डॉक्टरांकडं बघितलं तर ते म्हणाले, "मुलीचा नंबर घरी डायरीत आहे," आणि घड्याळाकडं नजर टाकली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. एवढी चार माणसं गोळा केली ती काय मोडेमचं किंचाळणं ऐकायला?

काका म्हणाले, "अगं पोरी, बाहेर कशाला हिंडतीस? तुझा भाऊ हाय की अमेरिकेत. लाव त्याला."

"नको," अण्णा म्हणाले.

एवढ्या मोठ्यानं म्हणाले की सगळे वळले. अण्णा जन्मात आवाज चढवणारा माणूस नव्हे. काका हसले. "कावून नको? सकाळ असंल तिकडं. रविवार. घरीच असंल."

"नको म्हनलं ना. झोपला असंल. ऱ्हाऊ दे."

मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, ह्यांना लाज वाटतीय. चार माणसांत पोराचा आवाज आला की चार माणसं मनात म्हणणार, आईच्या मातीला नव्हता आणि फोनवर बरा हजर आहे. म्हटलं, वाटू दे लाज. त्यालाही वाटू दे. माझ्या डोक्यात राग होता आणि हातात धंदा होता, दोन्ही एकाच वेळी. नंबर मला तोंडपाठ होता. दाबला.

अण्णा उठून उभे राहिले. घंटी दोनदा वाजली आणि भावाचा आवाज आला. इंग्रजीत आधी. मग मी "हॅलो, मी बोलतीय" म्हटलं. शिव शिव शिव.

"ताई? ताई, तू? अगं काय हे! किती दिवसांनी!"

आणि हसला. मोकळा, तोच लहानपणचा. डॉक्टर पुढं सरकले, चाचा "वा वा" म्हणाले, काका खुर्चीच्या कडेवर आले. आवाज खणखणीत येत होता. आणि मी आतून जळत होते. आई जाऊन सव्वा महिनाच झालाय, आणि हा हसतोय! एका शब्दानं तरी? एक हुंदका तरी? पण समोर मंडळी. मी दात आवळून म्हटलं, "ऐक. मी दुकानातून बोलतीय, नेटवरून. इथं अण्णा आहेत, मोंढ्यातले काका आहेत, आणखी मंडळी आहेत. त्यांना दाखवायचंय. कानाला काहीच लावायचं नाही. नुसतं समोर बसून बोलायचं, आणि डब्यातून आवाज येतो, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जातो." हे मी त्याला कमी आणि मंडळींना जास्त सांगत होते. आणि त्याचं उत्तर यायच्या आत खुर्चीवरून उठून काकांना म्हटलं, "बसा काका, बोला तुम्ही."

काका बसले. टोपी नीट केली. माईककडं तोंड नेलं. आणि जे कुठल्याही भल्या माणसानं आधी म्हणायचं असतं तेच म्हणाले. 

"बाबा, मी काका. लई वाईट झालं बाबा. तुझी माय म्हंजी देवमानूस. तुला मातीला येता आलं न्हाई, त्याचं मनाला लावून घेऊ नको."

झालं. बोलून काका थांबले. आणि स्पीकरमधून भावाचा आवाज आला. काकांच्या बोलण्यावर नव्हे. ते अजून पोचायचं होतं. तो माझ्या आधीच्या बोलण्याला उत्तर देत होता.

"काय सांगतेस! कानाला लावायचं नाही? अगं मग आईला बोलव ना! कानाच्या ऑपरेशनपासून एक अक्षर बोललो नाही मी तिच्याशी. अण्णा म्हणतात, डॉक्टरांनी फोन कानाला लावायचा नाही म्हणून सांगितलंय. हे बरं झालं! बसव की तिला समोर, ताई. असेल ना ती तिथं? आई! ए आई!"

मी ती खोली आजही बघते. डॉक्टर तोंड उघडं ठेवून बसलेले. चाचांचा हात दाढीवर तसाच. काका हळूहळू माझ्याकडं वळले. आणि मला कळलं. सगळं एकदम कळलं, पाण्याचा हंडा डोक्यावर उपडा व्हावा तसं. कानाचं कसलंच ऑपरेशन नव्हतं. आईचा कान शेवटपर्यंत मांजराचा पाय वाजला तरी टिपत होता. तिची किडनी गेली होती. ह्याला कुणी कळवलंच नव्हतं. हा सव्वा महिना आईच्या कानाची काळजी करत बसला होता. आणि काकांचं वाक्य वाटेत होतं. "लई वाईट झालं" निघालं होतं इथून, आणि कुठल्या कुठल्या तारांतून त्याच्याकडं चाललं होतं, आणि जगातली कुठलीही ताकद त्याला आता माघारी आणू शकत नव्हती.

"तोड!" अण्णा किंचाळले. "तोड ते! तार उपट!"

माझा हात गेला तारेवर. खरंच गेला. टेलिफोनची तार मोडेमच्या पाठीला होती, टेबलाच्या कडेला, वीतभर अंतरावर. मी ती धरली पण होती. पण उपटता आली नाही. माणूस हबकतो म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. हात असतो आणि हात नसतो.

 मग स्पीकरमधून आवाज आला.

"काय म्हणाले काका?"

मी तार सोडली.

"मातीला म्हणजे? कुणाच्या मातीला? ताई? ताई, काय झालं? काय म्हणाले ते?"

मी अण्णांकडं वळले. "तुम्ही सांगितलं नाही त्याला?"

अण्णा स्टुलावर बसले. बसले म्हणजे कोसळलेच. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, मान खाली घालून बोलायला लागले, आणि माईक चालू होता, त्यामुळं ते सगळं तिकडं जात होतं.

"तिनंच सांगितलं. दवाखान्यात तू औषध आनायला खाली गेलतीस. माझा हात धरला आन् म्हनली, पोराला कळवू नका. कळलं तर तो यील, मागचापुढचा विचार करनार न्हाई. चार महिने लेकरू तिकडं उपाशी हिंडलंय, आता कुठं बसलंय. मी तर चाललेच, माझ्यापायी त्याचं दार बंद करू नका. कागद हातात आले की सांगा. शपत घातली मला. आता मेलेल्या मानसाची शपत कशी मोडू मी? गावाला सांगायला लागलं कळवलंय म्हनून. न्हाईतर कुनीतरी कळवलं असतं."

"आणि मी त्याला एवढ्या शिव्या घालत होते तुमच्यासमोर!"

"घातल्यास. मी ऐकल्या," अण्णा म्हणाले.

  ज्याच्या नावानं मी सव्वा महिना बोटं मोडत होते, त्यानं काहीच केलं नव्हतं. आणि तेवढ्यात स्पीकरमधून भावाचं रडणं आलं.

अण्णांचं बोलणं संपून तीन श्वास झाले होते. नेटवरून रडणं कसं येतं हे मी कधी ऐकलं नव्हतं. तुटक येतं. हुंदक्याचा अर्धा भाग येतो, अर्धा गळतो, मग दोन हुंदके एकावर एक येतात. डॉक्टर उठून खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. चाचा पुटपुटत काहीतरी म्हणत होते, दुवा मागत असावेत. काकांनी टोपी काढली होती. एवढा मोंढा हलवणारा माणूस, "मी काय केलं गं पोरी," एवढंच म्हणत होते. "मी काय केलं हे."

मग कुणी न सांगता काका परत माईकजवळ गेले. मला वाटलं, सावरासावर करणार. पण काका तसले नव्हतेच.

"बाबा, ऐक. आता कळलंय तर नीट ऐक. रीतसर केलंय तुझ्या मायचं. बसवली चांगली, अंगावर हिरवं लुगडं. पहिल्या मुठीला समदे थांबले, तुझी जागा रिकामी होती. तवा मी पुढं झालो. तुझ्या नावानं मूठ मी टाकली. तुझ्या वाटची माती पडलीय तिला. राहिली न्हाई."

म्हणजे तो थांबलेला वेळ तो होता. मी तेव्हा पहिल्यांदा रडले. आई गेल्यावर पण असं रडले नव्हते, तेव्हा राग आडवा आला होता.

त्यानंतर जे झालं त्याला प्रात्यक्षिक म्हणायचं की दुखवटा, मला आजही सांगता येणार नाही. काका उठले तर चाचा बसले. चाचांचं आणि भावाचं जन्मात बोलणं झालं नव्हतं, लहानपणी बेकरीतून खारी आणायचा एवढीच ओळख. पण पहिली गाठ होती, बोलणं भाग होतं. "बेटा, सबर कर. तेरी माँ मेरे दुकान पे आती थी, कभी उधार नहीं रखी." मग डॉक्टर बसले. आजार काय होता, काय इलाज केला, त्रास किती झाला, किती नाही, सगळं शांतपणे सांगितलं. ते ऐकता ऐकता भावाचं रडणं थोडं खाली बसलं. खोटी चार वाक्यं बोलली असती तर बसलं नसतं.

शेवटी तो म्हणाला, "मी निघतो. उद्या तिकीट बघतो."

अण्णा ताडकन उठले आणि पहिल्यांदा त्या माईकला तोंड लावलं. "खबरदार! यायचं न्हाई. तिची शपत हाय. काय व्हायचं ते होऊन गेलंय, आता येऊन काय बघनार तू? कागद येऊ देत. ऐकतोस का? यायचं न्हाई!"

शिव शिव शिव. मी मनात म्हणत राहिले. काही आलं नाही. मग कळलं की लाइनच गेली होती. मोडेमचा दिवा विझलेला. अण्णांचं "यायचं न्हाई" पोचलं की वाटेत पडलं, ते आम्हाला समजलं नाही. परत परत लावलं, लाइन धरेना. अण्णा पाय ओढत घरी गेले.

मंडळी उठली. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. म्हटलं, संपलं. दुकान पण संपलं, तोंड पण संपलं. आता हे गावभर होणार. तर दारात चपला घालता घालता डॉक्टर थांबले आणि म्हणाले, "मॅडम, माझ्या मुलीचा नंबर उद्या पाठवतो." चाचा म्हणाले, "जुम्मे को आता मैं. बेटे को लगा के दे." आणि काका टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "भागीदारी पक्की समज. आवाज लई साफ येतो पोरी. रडनं सुदा साफ आलं."

मी तिथंच भिंतीला टेकून राहिले. माझ्या भावाचं काळीज फाटलं आणि ह्यांनी आवाज तपासला! तोंडावर आलेली शिवी मी गिळली. नंतर किती वर्षं काकांबरोबर धंदा केला, पण त्या वाक्याचा राग मनात होता. आता राग नाही. त्यांना जे कळलं होतं ते मला कळायला वेळ लागला, एवढंच. गोडगोड बोलायला बूथ होताच की. पण रडायला मीटर परवडत नव्हतं कुणाला.

पुढचे चार दिवस अण्णांनी दुकान उघडलं नाही. घरात फोन वाजला की उचलायचे नाहीत. मी जेवण घेऊन गेले की एकच विचारायचे, "त्याचं काही आलं का?" मी म्हणायची, नाही. तेही खरं होतं. मी त्याला मेलवर मेल पाठवत होते, येऊ नकोस, अण्णा शपथ घालतायत, तुझं नुकसान होईल. एकाचंही उत्तर नव्हतं. अण्णा मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरं हाय. शाना हाय पोरगा. ऐकलं म्हनायचं त्यानं."

तो आला. पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी, औरंगाबादहून येणाऱ्या एस.टी.नं. मी अण्णांना चहा देत होते. दारात पाठीवरची पिशवी, दाढी वाढलेली, डोळे लाल. तिकडची नोकरी त्या दिवशी सुटली ती सुटलीच. कागदही कधी आले नाहीत. परत त्याला त्या देशात पाय ठेवता आला नाही. आईनं जे होऊ नये म्हणून मरताना शपथ घातली होती, तेच अगदी तसंच झालं, आणि माझ्या हातानं झालं.

असंच होणार हे त्या क्षणीच माझ्या डोक्यातून झरकन गेलं आणि मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. ओरडणार, मारणार, काहीतरी फेकणार. सव्वा महिना गावाचं, माझं, सगळ्यांचं ऐकून घेतलं ते ह्याला थांबवण्यासाठी, आणि हा उंबऱ्यात उभा.

अण्णा उठले. कपबशी खाली ठेवायची पण शुद्ध नव्हती, तशीच हातात. जवळ जाऊन त्याच्या दंडाला हात लावून बघितला, खरा आहे का ते बघावं तसा. मग म्हणाले,

"आलास. बरं केलंस. मला एकट्याला न्हाई झेपत रे हे."